गहाण आठवडा

१

ज्या सकाळी ते कळलं, त्या सकाळी मी नेहमीसारखा हिच्या लॅपटॉपसमोर बसलो होतो. आंघोळ झाली होती, चहा शेजारी होता. मी हिच्या नावावर टिचकी मारली आणि पानभर एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसली: हा प्रतिसाद सदस्याने काढून टाकला आहे. मागचं पान उघडलं, त्याच्या मागचं उघडलं. तीच ओळ. चहा तसाच निवला.

बायको जाऊन वर्ष होत आलं. ती वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात फोन घ्यायची. दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि वर दिलगिरी व्यक्त करायची, असं ते काम. त्याचं उट्टं ती संध्याकाळी काढायची. 'उलटतपासणी' नावाच्या संकेतस्थळावर फोनसारखी यंत्रं, राजकारण आणि कॉम्प्युटरवरचे गेम या तीन विषयांवर लोक भांडतात. कुणीतरी एक धागा काढतो, म्हणजे विषय मांडतो, आणि खाली बाकीचे प्रतिसाद लिहीत सुटतात. खरं नाव कुणी लावत नाही. हिचं तिथलं नाव होतं चिमटा.

नवा फोन आलाय, घेऊ का, असं एकाने विचारलं तर हिने लिहिलं होतं, "जुना कधीपासून बंद आहे? बंद नाहीये? मग तक्रार कसली नोंदवू?" पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्यांवर लिहिलं होतं, "नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आपल्याला आत्ता मिळाली. त्यांना ती पहिल्यापासून आहे." लढाईच्या गेममध्ये ती जखमींवर औषधोपचार करणारी व्हायची. नव्या खेळाडूंना तिची सूचना असायची की गोळी लागली की ओरडायचं नाही, तक्रार क्रमांक घ्यायचा आणि रांगेत थांबायचं.

ती असताना हे सगळं मला जेवताना ऐकायला मिळायचं. ती गेल्यावर मी स्वतः वाचू लागलो. मी विमा कंपन्यांसाठी आगीच्या नुकसानीची पाहणी करायचो. त्या कामात एक पद्धत असते. आधी सगळ्यात कमी जळालेल्या खोलीत जायचं आणि तिथून सगळ्यात जास्त जळालेल्या खोलीकडे सरकायचं. वाचायलाही मी तसाच बसलो. अगदी जुन्यापासून सुरुवात केली आणि रोज सकाळी एकच पान वाचायचं ठरवलं. एकदा सगळं वाचून झालं की ती नवीन काही बोलणार नव्हती, म्हणून पुरवून पुरवून वाचत होतो. मी तिथे नाव नोंदवलेलं नव्हतं. वाचतो आहे हे कुणाला सांगितलंही नव्हतं.

बिनमाणसांच्या दुकानावरून झालेल्या भांडणापर्यंत मी आलो होतो. गिऱ्हाइकाने वस्तू उचलावी, यंत्राने पैसे कापावेत, मध्ये माणूस नको, असं ते दुकान. हे भांडण झालं तेव्हा ती ठणठणीत होती. त्याच्या पुढचं वर्ष आजारपणाचं. त्या वर्षातही लॅपटॉप उशीवर टेकवून ती लिहायची आणि हसत हसत मला वाचून दाखवायची. ते वर्ष अजून वाचायचं होतं.

मी कपडे बदलले आणि बाहेर पडलो. वस्तू गेली की ती शेवटची धड कुणी पाहिली, हे आधी विचारायचं असतं. इथे ती मीच पाहिली होती, आदल्या सकाळी.

२

उलटतपासणी ज्याच्या मालकीची आहे तो तिशीतला माणूस लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याचं तिथलं नाव मेन फ्यूज. ही गेली तेव्हा तो घरी येऊन गेला होता. मला काका म्हणतो, हिला चिमटाताई म्हणायचा.

मी त्याला इतकंच सांगितलं की हिचं लिखाण गेलं. त्याने दुकानातल्या कॉम्प्युटरवर पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

मी विचारलं की हे तू केलंस का. तो म्हणाला की संपादक म्हणून त्याने काढलं असतं तर 'संपादकांनी काढला' असं दिसलं असतं. इथे 'सदस्याने' आहे. म्हणजे कुणीतरी ताईंच्या नावाने आत शिरून एकेक प्रतिसाद हाताने काढला.

"तिचा पासवर्ड कुणाकडे होता?"

तो अवघडून हसला. मग त्याने मला त्यांची एक रीत सांगितली. उलटतपासणीवर पैजा लागायच्या. निवडणूक कोण जिंकेल, अमुक गेम वेळेवर बाजारात येईल का, असल्या. पैज पैशांची नसायची. हरणाऱ्याने आपलं नाव जिंकणाऱ्याकडे आठवडाभर गहाण टाकायचं. पासवर्ड द्यायचा आणि स्वतः गप्प बसायचं. जिंकणारा त्या आठवड्यात हरलेल्याच्या नावाने वाट्टेल ते लिहायचा. कट्टर विरोधकाच्या तोंडी आपली आरती घालायची, गेममधल्या पट्टीच्या नेमबाजाकडून आपल्याला गोळी झाडता येत नाही असं कबूल करून घ्यायचं. आठवडा संपला की नाव परत, आणि हरलेल्याने पासवर्ड बदलायचा.

"ताईंनी कधी बदललाच नाही," फ्यूज म्हणाला. "म्हणायच्या, दिवसभर लोकांचे ग्राहक क्रमांक डोक्यात असतात, त्यात हे आणखी एक कुठे ठेवू."

"किती वेळा हरली ती?"

"तीनदा. एकदा विरोधी बाककडे, निवडणुकीत. एकदा हेडशॉटकडे, गेमवरून. आणि एकदा माझ्याकडे. फोनची बॅटरी पुन्हा काढता-घालता येणारी करतील, असं त्या म्हणाल्या होत्या."

म्हणजे तिघांकडे किल्ली होती. त्यातला एक माझ्यासमोर बसला होता.

मी उठलो तेव्हा तो दारापर्यंत आला. काहीतरी धीराचं बोलावं असं त्याला वाटलं असणार. म्हणाला, "काका, वाईट नका वाटून घेऊ. त्या बिनमाणसांच्या दुकानापर्यंत वाचलंत ना, ताईंचं भारी लिखाण तेच होतं. पुढे काय, सगळे तेच ते बोलत होते."

मी मान हलवली. पायऱ्या उतरत होतो तेवढ्यात त्याने मागून हाक मारली.

"काका, थांबा. सगळं नाही गेलेलं. थोडं शिल्लक आहे."

३

घरी येऊन मी ते शोधलं. रिकाम्या ओळींच्या मध्ये हिच्या नावाचे काही प्रतिसाद जसेच्या तसे उभे होते. तहानलेल्यासारखा वाचायला लागलो आणि दुसऱ्याच वाक्याला थांबलो. "विरोधी बाक यांचं विवेचन मला आज पूर्णपणे पटलं. इतके दिवस मी उगाच वाद घातला." पुढच्यात लिहिलं होतं, "बाक यांच्यासारखी अभ्यासू माणसं राजकारणात हवी होती."

ही असं कुणाबद्दल लिहिणं शक्य नव्हतं. माझ्याबद्दलसुद्धा तिने कधी लिहिलं नसतं. तारखा पाहिल्या. सगळे प्रतिसाद एकाच आठवड्यातले, निवडणुकीच्या निकालानंतरचे. बाकांनी जिंकलेला तो गहाण आठवडा.

मला चोर सापडला असं वाटलं. वर्षानुवर्षं हिने ज्याला टोचलं, त्याने हिचं सगळं बोलणं पुसलं आणि तेवढी शरणागती मागे ठेवली. यापुढे कुणी चिमटा हे नाव शोधलं तर बाकांची स्तुती तेवढी सापडणार.

विरोधी बाक म्हणजे कोर्टातले निवृत्त लघुलेखक. साक्षीदार बोलेल ते शब्दन् शब्द उतरवून घेण्यात त्यांचा जन्म गेला. तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. मी घरात शिरल्या शिरल्या सरळ विचारलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, स्वतःचा लॅपटॉप उघडला आणि बराच वेळ पानं उलटत राहिले.

"हे माझंच," शेवटी ते म्हणाले. "लिहिताना फार मजा वाटली होती. पण साहेब, याच्या खाली चिमटाबाईंची एक ओळ होती. आठवडा संपला, त्या परत आल्या आणि लिहिलं, 'चार दिवस बाहेर काय गेले, घरात उंदीर शिरलेले दिसतात.' सगळी साइट हसली होती. मीही हसलो."

"ती ओळ गेली."

"तेच म्हणतोय. ती होती तोवर ही गंमत होती. आता ती नाही, तर वाचणाऱ्याला काय दिसेल? एका गेलेल्या बाईच्या नावाने स्वतःची स्तुती लिहिणारा म्हातारा. मला पुसायचं असतं तर सगळ्यात आधी मी हे पुसलं असतं."

मी पाहणीच्या कामात खोटं बोलणारी पुष्कळ माणसं पाहिली आहेत. खोटं बोलणारा आपल्याला किती दुःख झालं ते सांगतो. हे स्वतःच्या अब्रूबद्दल बोलत होते. मला ते खरं वाटलं.

ते पुढे म्हणाले की सकाळी उठून कुणाशी भांडायचं, हा त्यांना वर्षभर प्रश्नच पडला आहे. नवी मुलं लगेच हो म्हणतात किंवा लगेच शिव्या देतात. मधलं काही येत नाही कुणाला.

मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"चोराने एक मात्र केलंय बघा. गहाण आठवड्यातलं लिखाण ज्याने लिहिलं त्याचं. नावाच्या मालकानेसुद्धा त्याला हात लावायचा नाही, हा आमचा पहिला नियम. चोरानेही तो पाळलाय."

४

परतीच्या वाटेवर तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. चोराने नियम पाळला. घरफोडी करणाऱ्याने जाताना पायपुसणं सरळ करून ठेवावं, तसं झालं हे.

मग लक्षात आलं की ही तीनदा हरली होती. गहाण आठवडे तीन होते. मी लॅपटॉप उघडून बाकीचे दोन आठवडे शोधले. फ्यूजने पैज जिंकली तो आठवडा पूर्ण पुसलेला होता. हेडशॉटचा आठवडाही पूर्ण पुसलेला. बाकांचा तेवढा राखलेला.

नियम पाळणारा माणूस एका आठवड्याला हात लावत नाही आणि दोन आठवडे पुसतो, याचा अर्थ एकच निघत होता. त्या दोन आठवड्यांच्या धन्यांची त्याला परवानगी होती. तिसऱ्याला त्याने विचारलंच नव्हतं. बाक निर्दोष होते. आणि उरलेल्या दोघांपैकी कुणीही एकट्याने हे केलेलं नव्हतं.

हेडशॉट ही दातांची डॉक्टर आहे. गेममध्ये तिचा नेम चुकत नाही म्हणून ते नाव. ही आणि ती वर्षानुवर्षं एकाच तुकडीत खेळायच्या. एक मारायची, दुसरी मलमपट्टी करायची. मला भाऊजी म्हणते. दवाखान्यात बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तिने मला पेशंटच्या खुर्चीवर बसवलं आणि मी प्रश्न विचारायच्या आत वरचा दिवा लावला.

"आ करा. वर्षभरात दाखवलेलं नाही ना?"

तोंड उघडं असलेल्या माणसाला चौकशी करता येत नाही. तिने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. डावीकडची दाढ किडली आहे, रात्री दात खाता का, जेवण धड होतं का, शेजारपाजारी जाता का, असं विचारत राहिली. उत्तर देणं मला शक्य नव्हतं आणि तिला ते नकोही होतं. तोंडातला कापूस काढल्यावर मी पहिलं वाक्य बोललो.

"गहाण आठवड्यात तिच्या नावाने तू काय लिहिलं होतंस?"

ती हात धुवायला वळली. म्हणाली की लिहिलं होतं असंच, गेममधल्या औषधाच्या पेटीवर. चिमटा पेटी घरी विसरून लढाईला आली आणि चिकटपट्टीवर सगळ्यांना जगवलं, असलं काहीतरी.

"ते गेलं. वाईट वाटलं असेल."

"हो ना," ती म्हणाली.

पण तिने कधी गेलं हे विचारलं नाही, कुणी नेलं हेही नाही. घर जळाल्याचं कळूनही जो माणूस किती जळालं असं विचारत नाही, त्याने ते आधीच पाहिलेलं असतं.

पैसे द्यायला खिशात हात घातला तर ती रागावली. मी जिना उतरू लागलो. मधल्या पायरीवर मला फ्यूजचं वाक्य आठवलं आणि मी कठडा धरून उभा राहिलो.

बिनमाणसांच्या दुकानापर्यंत वाचलंत ना, असं तो म्हणाला होता. मी कुठपर्यंत वाचलं, हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं. कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

मी परत वर गेलो आणि तिला म्हणालो, दवाखाना बंद कर आणि माझ्याबरोबर फ्यूजच्या दुकानात चल.

५

दुकानात शिरताना आम्हाला दोघांना एकत्र पाहिलं तेव्हा फ्यूजने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि शटर अर्धं ओढलं.

मी त्यांना माझा हिशेब सांगितला. काढणारा तिच्या नावाने आत गेला, म्हणजे तुम्हा तिघांपैकी कुणीतरी. बाकांचं लिखाण राखलं, कारण त्यांना विचारलं नव्हतं. तुम्हा दोघांचं पुसलं, कारण तुम्ही एकमेकांना विचारलं होतं. आणि मी बिनमाणसांच्या दुकानापाशी आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणजे तुम्ही माझ्यावर नजर ठेवून होतात. मी त्या जागेच्या पुढे जायच्या आत हे करायचं होतं. आता फक्त का, ते सांगा.

फ्यूज म्हणाला की नाव न नोंदवता जो वाचतो त्याला साइट पाहुणा म्हणते. पाहुणा कोण ते दिसत नाही, पण कोणतं पान उघडलं ते त्याला दिसतं. ताई गेल्यावर थोड्याच दिवसांनी एक पाहुणा यायला लागला. रोज सकाळी यायचा, फक्त चिमटाचं एक पान वाचायचा आणि निघून जायचा. तो कोण हे ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"तुम्ही रोज थोडं पुढे सरकत होतात," तो म्हणाला. "आम्ही रोज म्हणायचो, अजून वेळ आहे."

"कशाला वेळ आहे?"

हेडशॉट दुकानातल्या स्टुलावर बसली होती. ती आता बोलली.

"भाऊजी, हे तिनेच सांगितलं होतं. आजारपणाच्या वर्षात ती तिथे लिहायची ते सगळं तुम्हाला वाचून दाखवत नव्हती. हसायचं तेवढं दाखवायची. बाकीचंही लिहायची. कसं होतंय, काय वाटतंय. खेळाच्या धाग्यावर, राजकारणाच्या धाग्यावर, कुठेही मध्येच. घरी मी असं बोलले तर याचं जेवण बंद होईल, म्हणायची. इथे मला कुणी ओळखत नाही, इथे बोलून मोकळी होते आणि घरी नीट हसते. शेवटी मला म्हणाली, माझ्यामागे ते काढून टाक."

"मग तेवढं वर्ष काढायचं. सगळं का काढलं?"

फ्यूजने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"मी पण हेच विचारलं होतं," ती म्हणाली. "तर ती म्हणाली, तू याला ओळखत नाहीस. याचा जन्म जळकी घरं बघण्यात गेलाय. एकच खोली जळालेली दिसली तर हा त्याच खोलीत जाऊन बसेल आणि उठणार नाही. घर सगळं जाळ. म्हणजे याला कळणार नाही की आग कुठे लागली होती."

हिने मला इतकं बरोबर ओळखलं होतं की मला राग आणता येईना. फक्त ती समोर हवी होती. तिला सांगायचं होतं की तुझा अंदाज बरोबर आहे, मी खरंच तिथे जाऊन बसलो असतो.

हेडशॉट सांगत राहिली. ही गेल्यावर लगेच ते काढायला तिचा हात धजला नाही. मग पाहुणा यायला लागला आणि ते आणखी अवघड झालं, कारण तो पाहुणा दुसरं काहीच करत नव्हता. शेवटी आदल्या दिवशी, माझं सकाळचं वाचन झाल्यावर, दोघांनी मिळून एकेक प्रतिसाद काढला. प्रत्येक वाचून मग काढला. फ्यूजकडे साइटची जादा प्रत असते, त्यातूनही पुसला. आता त्यातलं काहीच परत येणार नव्हतं.

"बाकांना का नाही विचारलं?"

"ते नाही म्हणाले असते," फ्यूज म्हणाला.

मी हेडशॉटला विचारलं की हिने त्या वर्षात काय लिहिलं होतं. एक वाक्य सांग.

"ते नका विचारू, भाऊजी. ते तिने एकट्या मला सांगितलेलं नाही, सगळ्यांना सांगितलेलं आहे. फक्त तुम्हाला नाही."

६

दुसऱ्या दिवशी मी बाकांकडे गेलो. त्यांच्यावर आळ घेतला होता, त्याची माफी मागायची होती. कुणी केलं आणि का केलं, ते सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग म्हणाले की या दोघांना बाईंची आज्ञा पाळता आली, पण बाईंचं भांडण कुणाशी होतं हे ते विसरले.

मला कळलं नाही. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि स्वतःच्या नावावर टिचकी मारली. पानावर त्यांचा जुना प्रतिसाद उघडला. वर राखाडी चौकट होती आणि चौकटीत लिहिलेलं होतं:

"पैसे यंत्राने कापले, मान्य. पण रक्कम चुकीची कापली तर मी भांडू कुणाशी? फ्रिजशी? मध्ये माणूस ठेवा हो. निदान शिवी द्यायला तरी ठेवा. मी सांगते, अनुभव आहे."

हे तिचं होतं. मी ते आधीही वाचलेलं होतं, तरी एकदम तिचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं.

चौकटीखाली बाकांचं लांबलचक उत्तर होतं. ते म्हणाले की समोरच्याचं पूर्ण म्हणणं नोंदवल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, ही त्यांची कोर्टातली सवय. लोक टिंगल करायचे की चार ओळींच्या उत्तरासाठी वीस ओळी उतरवून घेतात. चिमटाबाई म्हणायच्या, माझं टंकलेखन फुकटात करून देणारा माणूस आहे हा. हिचे प्रतिसाद तिच्या नावावरून गेले होते. पण तिचं म्हणणं उतरवून घेतलेल्या चौकटी बाकांच्या प्रतिसादांत होत्या, म्हणून त्या बाकांच्या. चिमटाच्या नावाने शिरणाऱ्याला त्यांना हात लावता आला नव्हता. मी आजवर फक्त हिच्या नावावर टिचकी मारून वाचत आलो होतो, त्यामुळे बाकांचं पान मी उघडलेलंच नव्हतं.

सगळं नाही मिळणार, हे त्यांनी लगेच सांगितलं. गेमवर ते कधी बोलत नसत, त्यामुळे हेडशॉटबरोबरचा तो सगळा धिंगाणा गेला तो गेलाच. पण राजकारण आणि यंत्रं यांवरून ती जिथे जिथे त्यांच्याशी भांडली, तिथे तिथे ती पूर्ण होती.

"शेवटच्या वर्षातलंही आहे?" मी विचारलं.

"आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शेवटचा धागा दवाखान्यांवरचा होता. पेशंटला किती दुखतंय हे यंत्राला ठरवू द्यावं का, असा. मी म्हणत होतो, द्यावं. त्यावर बाईंनी लिहिलं. ते पूर्ण उतरवून घेतलं आहे मी. खाली माझी एकच ओळ आहे. उघडू का?"

"तुमची ओळ काय आहे?"

"वाद सोडून दिला मी तिथे. फक्त विचारलं, हे घरी सांगितलंत का."

"मग?"

"उत्तर आलं नाही. त्यानंतर त्या परत आल्याच नाहीत. मला बरेच दिवस वाटत होतं, नको ते विचारलं म्हणून रागावल्या."

ती रागावली नसणार, असं मी त्यांना सांगितलं. तिचा राग शब्दांत यायचा, गप्प बसण्यात यायचा नाही. ते ऐकून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि खिडकीबाहेर पाहत बसले. त्यांनी पुन्हा विचारलं, उघडू का. मी आज नको म्हणालो.

आता सकाळी मी बाकांचं पान उघडतो. राखाडी चौकट आधी वाचतो आणि मग खालचं त्यांचं उत्तरही वाचतो, कारण त्याशिवाय तिचं पुढचं वाक्य नीट लागत नाही. माणूस लांबण लावतो, पण काही ठिकाणी बरोबर बोलतो. एकदोनदा तर मला वाटलं की या भांडणात ती हरली होती, आणि हे तिला सांगायला मिळालं असतं तर तिने मला दिवसभर सोडलं नसतं. हेडशॉटने दाढ भरून दिली. फ्यूजचा फोन येतो. जेवलात का विचारतो, वाचलंत का विचारत नाही.

दवाखान्यांवरच्या धाग्यापर्यंत मी आलो आहे. तिला तो मी वाचायला नको होता, हे मला ठाऊक आहे. शेवटचा प्रतिसाद मी अजून उघडलेला नाही. बाकांच्या प्रश्नाखाली लिहायचं तर नाव नोंदवावं लागतं, ते नोंदवलेलं नाही. घरी सांगितलं नव्हतं, हे उत्तर मला माहीत आहे. ते तिथे लिहायचं राहिलं आहे.